मॉरिशसहून कोल्हापूरला आलेलं फडकं

कोल्हापूरला मी याआधी दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा लग्नाला गेले आणि मंगल कार्यालय, अंबाबाई आणि चपलांची दुकानं एवढंच बघून परतले. या वेळचे चार दिवस मात्र वेगळेच निघाले. आल्यापासून शेजारच्या बायका विचारताहेत, काय काय पाहिलंत म्हणून, आणि मी सांगायला लागले की दर वेळी पाणी गाळायच्या एका फडक्यापाशी येऊन थांबते. तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आधी माझी ओळख. मी नाशिकची. तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवलं. त्यात 'वंश आणि वांशिकता' असा एक धडा दरवर्षी असायचा. वर्गात एक जुना तक्ता टांगलेला होता, त्यावर नाकांचे, केसांचे आणि डोक्यांचे प्रकार रंगवलेले. मुलं त्याच्याखाली उभी राहून एकमेकांची नाकं पट्टीनं मोजायची. मी सांगायचे, शरीराच्या ठेवणीवरून लोकांनी माणसांचे जे गट पाडले तो वंश; आणि बोली, देव, जेवणखाण, रीतीभाती आणि आपण कुठून आलो याची आठवण यांनी माणसं एकत्र बांधली जातात ती वांशिकता. आपल्या भाषेत दुसरा शब्द पहिल्याच्याच पोटातून काढलेला, त्यामुळे मुलं परीक्षेत दोन्हींची उत्तरं हमखास उलटसुलट लिहायची आणि मी लाल पेनानं गोल करायचे. मला स्वतःला मात्र तो फरक पुरता कळलेला आहे, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती.

निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून मी परदेशातल्या लोकांना संगणकावरून मराठी संभाषण शिकवायला लागले. त्यात मॉरिशसची नोएला भेटली. वय पंचेचाळीस, एका शाळेत ग्रंथपाल. तिच्या आजोबांचे आजोबा उसाच्या मळ्यात राबायला जहाजानं मॉरिशसला गेले. ते कोल्हापूरकडचे होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. गाव माहीत नाही, कागद एकही नाही. बंदरावरच्या कारकुनानं नाव विचारलं, त्यांनी 'आप्पा' सांगितलं, आणि तेव्हापासून अख्खं घराणं आडनावानं आप्पा झालं. नोएला आप्पा. तिची आजी आणि आई मात्र आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशातल्या. त्यामुळे नोएला दिसायला उंच, काळीभोर, केस दाट आणि कुरळे. तिला एकदा कोल्हापूर बघायचं होतं. मी म्हटलं, ये, मी येते बरोबर.

कोल्हापूर

हॉटेलातल्या टापटीप कपडे घातलेल्या व्यवस्थापकानं नोएलाकडे बघून इंग्रजी सुरू केली. नोएलानं अगदी पुस्तकी मराठीत सांगितलं, "आम्हांस दोन दिवसांपूर्वी खोली राखून ठेवल्याचे कळविण्यात आले आहे." त्यानं मान डोलावली आणि पुन्हा इंग्रजीतच उत्तर दिलं. हे पुढे चारही दिवस चाललं. ती मराठीत विचारायची, समोरचा इंग्रजीत किंवा हिंदीत सांगायचा, आणि मग माझ्याकडे वळून मराठीत खात्री करून घ्यायचा की हिला कळलं ना. त्यांचे कान मराठी ऐकत होते, पण डोळ्यांना ते पटत नव्हतं.

संध्याकाळी खोलीत आल्यावर नोएलानं पिशवीतून पांढरं जाडसर फडकं काढलं, दुहेरी केलं आणि न्हाणीघराच्या नळाला बांधलं. माझ्या कपाळाला आठी पडली. आमच्याकडच्या पाण्याची परदेशी लोकांना भीती वाटते हे मला ठाऊक होतं, पण हिच्याकडून ती अपेक्षा नव्हती. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की पाण्याची बाटली मागव, इथे सगळीकडे मिळते. ती ओशाळून म्हणाली, घरची सवय आहे, मॅडम.

सकाळी मी उठले तर न्हाणीघराच्या कट्ट्यावर एका पेल्यात घोटभर गढूळ पाणी, त्यात कापडाचे तंतू. मी ते मोरीत ओतलं, पेला खळखळून विसळला आणि त्यात माझा ब्रश उभा केला. नोएला आली, तिनं पेल्याकडे बघितलं आणि नळाचं फडकं सोडून पिशवीत ठेवलं. खाली जाऊन आम्ही मिसळ मागवली. आमच्या नाशिकला मिसळीबरोबर पाव मिळतो, इथे ब्रेडचे जाड काप आले, आणि कट वाढणारा माणूस दर दोन मिनिटांनी भांडं घेऊन यायचा आणि दुरूनच ओरडायचा, "पावणं, कट घ्या की." नाशिकची मिसळच खरी, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आले आहे. आता सांगणार नाही, पण नाकारणारही नाही. नोएलानं निम्मी मिसळ टाकली. मला वाटलं, तिखट लागली असेल.

चहा घेताना तिनं विचारलं, मला सगळे पाहुणी का म्हणतात? मी हसून सांगितलं की इथे अनोळखी माणसाला असंच पुकारतात, मलाही तेच म्हणाले. ती हसली नाही. मग तिनं मला ती गोष्ट सांगितली, जी तिनं दोन वर्षांच्या तासांत कधी सांगितली नव्हती.

तिच्या गावात मराठी लोकांचं एक छोटं मंडळ आहे. लहानपणापासून ती तिथे जाते, लेझीम खेळते, नैवेद्याचं ताट वाढते. मागच्या गुढीपाडव्याला मंडळाच्या नव्या सेक्रेटरीबाईंनी तिला अगदी गोड आवाजात सांगितलं, तुम्ही पाहुण्यांच्या रांगेत बसा ना, खुर्च्या आहेत. रंगाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, की तुमच्या घरच्या काही पद्धती आपल्यातल्या वाटत नाहीत. तुमच्या आजीची ती खुळं आमच्यापैकी कुणाच्याच घरात नव्हती, ती त्यांच्या बाजूची असणार. नोएला खुर्चीवर बसली आणि कार्यक्रम संपेपर्यंत उठली नाही.

"मला प्रमाणपत्र नको आहे," ती मला म्हणाली. "मला फक्त पाहायचे आहे, येथील कोणी एक तरी मनुष्य मला ओळखतो काय."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. आजीची कसली खुळं, हे मात्र मी विचारलं नाही. मी मनातल्या मनात सेक्रेटरीबाईंना वंशभेदावर व्याख्यान द्यायच्या तयारीला लागले होते.

जोतिबाच्या डोंगरावर

कोल्हापुरात आम्हाला गाडी चालवायला मल्लाप्पा नावाचा गृहस्थ मिळाला. मूळचा मुरगूडचा, घरात कानडी आणि मराठी दोन्ही, धर्मानं लिंगायत, आवाजानं खणखणीत. नोएलाचं आडनाव ऐकून तो इतका खूश झाला की स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला, आमच्याकडं निम्मं गाव आप्पाच हाय. मीबी आप्पाच की. नाव कामाला येणार नाही, हे त्या वाक्यातच कळून चुकलं.

नोएलाकडे दुसरी एक खूण होती. तिच्या घरी मूल जन्मलं की 'चांगभलं' म्हणून ओरडतात. जड कपाट सरकवतानाही ओरडतात. अर्थ कोणाला माहीत नाही. जोतिबाच्या पायऱ्या चढताना पहिल्यांदा जेव्हा वरून 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' असा घोष आला, तेव्हा ती माझा दंड घट्ट धरून उभी राहिली. तिच्या घराबाहेर हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. मग दर वळणावर कोणी ओरडलं की तीही ओरडायची, आणि तिचा आवाज मोठा असल्यामुळे लोक वळून बघायचे.

डोंगर सगळा गुलाबी. पायऱ्या, कुत्री, पुजाऱ्यांचे सदरे, सगळ्यांवर गुलाल. नाशिकला देवळातून आल्यावर आम्ही कपडे झटकतो. इथे झटकायची सोयच नाही. गुलाल-खोबरं विकणाऱ्या दुकानदारानं नोएलाला विचारलं, पावणं कुठलं? तिनं मॉरिशस सांगितलं. तो थोडा विचार करून म्हणाला, तिकडं ऊस हाय का? ती म्हणाली, उसाशिवाय काहीच नाही. झालं. पुढची दहा मिनिटं दोघं उसाबद्दल बोलत होते, लागण कधी, तोड कधी, चक्रीवादळात ऊस लोळला तर काय करतात. त्या दहा मिनिटांत मी तिला इतकं मोकळं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. दुकानदारानं तिला खोबऱ्याचे दोन तुकडे जास्त दिले.

देवळात मात्र घोडं अडलं. पुजाऱ्यानं गाव विचारलं, ते नव्हतं. आडनाव विचारलं, तिनं आप्पा सांगितलं. तो म्हणाला, ते नाव झालं बाई, आडनाव सांगा. मागचे लोक हसले. चांगलंच हसले, वाईट मनानं नव्हे, पण हसले. बाहेर आल्यावर एका कुटुंबानं तिच्याबरोबर फोटो काढला, मग दुसऱ्यानं, मग रांगच लागली. प्रत्येक जण इंग्रजीत आभार मानायचा. पाचव्या फोटोनंतर तिचा चेहरा उतरला. इथेही ती बघायची पाहुणीच झाली होती.

मी तिला सावलीत बसवलं. मल्लाप्पा समोरच्या टपरीवर चहा पीत होता. नोएलानं पिशवीतून ते फडकं काढलं, दुहेरी केलं, बाटलीच्या तोंडाला धरून नळाचं पाणी भरलं. मग फडकं उलटं केलं, बाटलीतल्याच थोड्या पाण्यानं ते हलक्या हातानं धुतलं आणि ते धुवण एका छोट्या डबीत धरलं. मल्लाप्पा चहाचा पेला हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, म्हणजे आपल्या साध्या आवाजात, विचारता झाला, "मॅडम, ह्या बाई जैनाच्या घरात वाढल्यात व्हय?"

मला हसू आलं. मी त्याला समजावून सांगितलं की बाबा रे, त्या मूळच्या आफ्रिकन वंशाच्या, आणि दोन-तीन मिनिटं आफ्रिकेतले लोक मॉरिशसला कसे आणले गेले, हेही सांगितलं. तो चहाचे घोट घेत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "वंशाचं मला काय म्हाईत न्हाय. मी पानी गाळायचं बोलतोय."

मग त्यानं सांगितलं. मुरगुडात त्याच्या शेजारी रत्नाक्का म्हणून एक जैन शेतकरीण राहते. ती पाणी असंच गाळते. पाण्यात डोळ्याला न दिसणारे जीव असतात, ते आपल्या पोटात जाऊ नयेत म्हणून गाळायचं, आणि फडक्यावर राहिलेले मरू नयेत म्हणून ते फडकं उलटं धुवून, ते पाणी जिथून आणलं तिथे परत सोडायचं. उद्या चला, दावतो, असं तो म्हणाला.

नोएलानं हे सगळं ऐकलं होतं. ती उठून उभी राहिली होती.

"परत सोडतात?" तिनं विचारलं.

"व्हय. हिरीत."

"परत सोडतात," ती पुन्हा म्हणाली, या वेळी कोणालाच उद्देशून नव्हे. मग माझ्याकडे वळून तिनं सांगितलं की हेच आजीचं खूळ. आजी डबीत पाणी साठवायची आणि दर रविवारी उसाच्या मळ्यामागच्या ओढ्यापर्यंत चालत जाऊन सोडून यायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं. तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं. विचारलं तर म्हणायची, पाण्याला घरी पोहोचवून येते. गावातली पोरं तिला हसायची, आणि खरं सांगायचं तर नोएलाही हसायची.

मला हॉटेलातला पेला आठवला. माझा ब्रश उभा केलेला.

मुरगूड

दुसऱ्या दिवशी मुरगूडला जाताना दोन्ही बाजूंनी ऊस, मध्येच तंबाखूचं एखादं रान, मध्येच कागलच्या एमआयडीसीत चाललेल्या कामगारांच्या मोटारसायकली. मी गाडीत खिडकीबाहेरच बघत होते. आदल्या दिवशीचं 'पानी गाळायचं बोलतोय' मला टोचत होतं. मल्लाप्पाला ते कळलं असावं, कारण मुरगूडच्या बाजारात गाडी लावून त्यानं मला एक खेळ सुचवला. तुम्ही एवढं शिकवलंय, तर ह्या माणसांची तोंडं बघून सांगा, जैन कोण, लिंगायत कोण, मराठा कोण. सगळी माझ्या वळखीची हाईत.

मी पदर खोचून तयार झाले. कोपऱ्यावरचा बियाणांचा दुकानदार, गोरटेला आणि धारदार नाकाचा. मी जैन सांगितलं. मराठा निघाला. दुधाचे कॅन उतरवणारा आडव्या बांध्याचा माणूस मराठा, असं मी म्हणाले. तो जैन होता, आणि त्याच्या दहा एकर उसाबद्दल मल्लाप्पानं मला सविस्तर सांगितलं. भाजी निवडणाऱ्या बाईचंही चुकलं. एकच बरोबर आलं, पण त्या म्हाताऱ्याच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते, तेव्हा ती कॉपी झाली. चारांत एक, तोही कॉपी करून. मी माझ्या विद्यार्थ्यांना नापास करायचे ते यापेक्षा चांगल्या मार्कांवर.

"मग तुम्ही कसं ओळखता?" मी विचारलं.

"तोंडावरनं कोन वळखतंय," मल्लाप्पा म्हणाला. "घरात जाऊन बसायचं. देवाऱ्यात काय हाय, जेवायला कवा बसत्यात, आईला काय म्हनत्यात. पोटात चार घास गेलं की कळतंय."

रत्नाक्काचं घर नवं, स्लॅबचं, पुढे ट्रॅक्टर उभा. वय सत्तरीचं असेल, कणखर बाई, बोलणं तोफेसारखं. इकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखंच 'मी आलो, मी सांगतो' म्हणतात, तशीच ती बोलायची. तिनं नोएलाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, सरळ हात घालून तिचे केस चाचपले आणि तेल कुठलं लावतीस म्हणून विचारलं. नोएलानं खोबरेल सांगितलं. अक्कानं मान डोलावली. मला वाटतं, परीक्षेचा पहिला पेपर तिथेच सुटला.

स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं, आणि त्याच्या तोटीलाही पांढरं फडकं बांधलेलं. मी त्याबद्दल विचारलं तर अक्का म्हणाली, मशीन पोरानं बसवलंय, पर मशीनला काय कळतंय जीव कशात हाय. पिण्याचं पाणी ती अजून शेतातल्या विहिरीचंच आणते. तिनं घागरीवर फडकं धरलं, आणि मी बघते तो नोएला न सांगता पुढे झाली आणि तिनं दुसरं टोक धरलं. दोघींनी मध्ये खोलगट झोळ सोडला, अक्कानं वरून पाणी ओतलं. पाणी संपल्यावर दोघींचे हात एकाच वेळी आत वळले आणि फडकं उलटं झालं. कोणी कोणाला सांगितलं नाही. अक्काची भुवई वर गेली. मल्लाप्पानं मला कोपरानं ढोसलं.

नोएलानं गाळलेल्या पाण्यानं फडकं धुतलं, ते धुवण वाटीत धरलं, आणि वाटी घेऊन सरळ ओसरीवरच्या जास्वंदाच्या कुंडीत ओतायला निघाली. आजी गेल्यापासून तिच्या घरी असंच करतात. ओढ्यापर्यंत जायला कोणाला वेळ आहे.

"अगं ए," अक्का मागून कडाडली. "मारतीस व्हय त्यांना? कुंडीत कशी जगतील? एवढं सगळं नीट केलीस आन् शेवटाला माती. कुनी शिकवलं हे तुला?"

नोएला जागच्या जागी थिजली. मी मध्ये पडणार होते, पाहुण्या बाईला असं कोणी बोलतं का म्हणून. पण अक्कानं तिच्या हातातून वाटी घेतली सुद्धा, ते पाणी पितळेच्या एका तांब्यात ओतलं आणि आम्हाला घेऊन विहिरीकडे चालू लागली. त्या तांब्याच्या बुडाला कडी होती. अक्कानं दाखवलं, दोर त्या कडीतून असा घालायचा की तांब्या उभाच्या उभा खाली जाईल, पाण्याला टेकला की आपोआप कलंडेल. वरून ओतायचं नाही, पडून मरतात. तिनं दोर नोएलाच्या हातात दिला आणि स्वतः पायरीवर बसून बघत राहिली. नोएलानं दोर सोडला. पहिल्यांदा तांब्या मध्येच हिंदकळला, त्याबद्दलही तिला बोलणी बसली. शेवटी तो पाण्याला टेकला आणि अलगद कलंडला.

तांब्या वर ओढून घेतल्यावर नोएलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिनं आपल्या पुस्तकी मराठीत सगळं सांगितलं. आजी, ओढा, हसणारी पोरं, मंडळातल्या बाई आणि पाहुण्यांच्या खुर्च्या. अक्का ऐकत होती, मध्येच मल्लाप्पाला कानडीत काहीतरी विचारत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं फक्त तीनच प्रश्न विचारले.

"तुजी आजी तुज्यागतच काळी हुती?"

"माझ्याहून जास्त," नोएला म्हणाली.

"आन् आजा आमच्याकडला. मग पानी कोन गाळायचं, त्यो का ती?"

"आजीच. आजोबा आळस करायचे. त्यांना ते आवडतही नसे."

"न्हाय न्हाय म्हनता किती वर्सं गाळली तिनं?"

"मरेपर्यंत."

अक्कानं दोर गुंडाळायला घेतला. "मग तीच आमची," ती म्हणाली. "त्या आजाचं काय घिऊन बसलीस."

मी त्या पायरीवर उभी होते आणि मला एकाच वेळी लाज वाटत होती आणि आनंद होत होता. तीस वर्षं मी जे शिकवलं ते काही खोटं नव्हतं. पण मी स्वतः नोएलाला बघितलं होतं ते त्या तक्त्याखाली उभं करूनच. तिचा चेहरा आफ्रिकेचा, म्हणून फडकं परदेशी भीतीचं. चेहरा कोणाचा आणि हात कोणाचे, हे वेगळं विचारायचं मला सुचलंच नाही. आजोबांचं रक्त इथलं होतं आणि त्यांनी आळस केला. आजीचं रक्त कुठल्या कुठलं, आणि तिनं सासूकडून घेतलेली रीत ओढ्यापर्यंत चालत जाऊन सांभाळली. नोएलाचे पूर्वज मुरगूडचे होते, हे यातून सिद्ध झालं का? मुळीच नाही. ते जैन होते असं मला वाटतं, मल्लाप्पाची खात्री आहे, आणि रत्नाक्काला त्या प्रश्नात काही रस नव्हता.

जेवण दिवस मावळायच्या आत उरकलं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट दही. नाशिकला रात्री नऊला जेवणारी मी, साडेपाचला तिसरी भाकरी मागत होते. अक्कानं नोएलाला विचारलं, काल काय खाल्लंस? ती खोटं बोलणाऱ्यातली नाही. मटणाचा तांबडा रस्सा खाल्ला, आणि पांढरा पण, असं तिनं सांगून टाकलं. मल्लाप्पा भाकरीकडे बघू लागला. मग अक्का म्हणाली, खाल्लीस ते खाल्लीस, आता आमटी वरपून घे, सूर्य थांबायचा न्हाय. निघताना तिनं नोएलाला खण-नारळ दिला नाही. जुनं फडकं लई पातळ झालंय, त्यातनं हत्ती जाईल, असं म्हणून जाड पांढऱ्या कापडाचा एक नवा तुकडा तिच्या पिशवीत कोंबला.

परतीची सकाळ

शेवटच्या सकाळी न्हाणीघराच्या कट्ट्यावर पुन्हा पेला होता, घोटभर पाण्यानं भरलेला. मी नोएलाला पहिल्या दिवशीच्या पेल्याबद्दल सांगून टाकलं. तिला माहीत होतंच. ती म्हणाली, मॅडम, मीही आजीला हसत असे. पण मला ते असं सोडून द्यायचं नव्हतं. मी पेला उचलला, वर हाताचं झाकण धरलं, नोएलाला घेऊन रस्त्यावर आले आणि रिक्षा थांबवली.

रिक्षावाल्यानं पेल्याकडे बघितलं. मी त्याला विचारलं की हॉटेलच्या नळाला पाणी कुठलं येतं? तो म्हणाला, कधी नदीचं, कधी धरणाचं, कधी येतच न्हाय. मग पंचगंगेच्या घाटावर चला म्हटलं. वाटेत प्रत्येक खड्ड्यात मी पेला दोन्ही हातांनी धरत होते आणि तो आरशातून बघत होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, त्यात काय हाय, गंगाजल हाय व्हय? मी सांगितलं, नाही, नळाचंच पाणी आहे, घरी सोडायला चाललोय. तेव्हापासून तो खड्डे चुकवायला लागला. घाटाच्या शेवटच्या पायरीवर नोएला आणि मी दोघी उतरलो. पेल्याला कडी नव्हती, म्हणून मी हात कोपरापर्यंत बुडवून तो पाण्याखालीच कलंडवला. माझी बाही ओली झाली आणि पायाखालचं शेवाळ निसरडं निघाल्यामुळे मी पायरीवरच बसकण मारली. नोएला पोट धरून हसली.

नाशिक

परत आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या जुन्या टिपणांची फाईल उघडली. त्यातलं काही फाडलं नाही. फक्त त्या धड्याच्या सुरुवातीला पेन्सिलनं लिहिलं, आधी पाणी विचारावं.

काही महिन्यांनी गुढीपाडवा झाला. त्या दिवशी उन्हं उतरताना नोएलाचा फोन आला. मी घाबरत घाबरत विचारलं, कुठे बसलीस? ती म्हणाली, बसले नाही, मॅडम, सवडच मिळाली नाही. ती सकाळी लवकर जाऊन सभागृहातल्या पाण्याच्या पिंपापाशी उभी राहिली होती, रत्नाक्काचं फडकं पिंपाच्या तोंडाला बांधून पाणी गाळत होती आणि आलेल्या माणसांना पेले भरून देत होती. पाहुण्यांना पाणी द्यायचं काम घरच्यांचं असतं, एवढं मॉरिशसमध्येही सगळ्यांना कळतं. सेक्रेटरीबाईही पाणी प्यायल्या. पिताना त्यांनी फडक्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी सांगितले," नोएला म्हणाली, "ही आमच्या कोल्हापूरच्या आजीची पद्धत आहे."

तिच्या आजीनं कोल्हापूर कधी पाहिलं नव्हतं.